शाळेला कायमची सुट्टी?

लोणावळ्याच्या वाटेवर हल्ली अनेक तरुण आई-बाबांना पडणारं एक हटके स्वप्न... आणि ते खरं करण्याआधी विचारून घ्यायचे काही रोखठोक प्रश्न.

रविवारची संध्याकाळ. एक्स्प्रेस-वेवर पुण्याच्या दिशेने गाड्यांची ही भली मोठी रांग. मागच्या सीटवर चिक्कीचे बॉक्स, चिखलाने माखलेले बूट आणि दमून झोपलेलं पोर. पुढच्या सीटवर दोघांच्याही डोक्यात एकच चक्र फिरतंय. उद्या पुन्हा सकाळचा गजर, डबा, युनिफॉर्म, स्कूलबस, ऑफिस. मग दोघांपैकी कुणीतरी हळूच बोलून जातं, ‘‘इकडेच राहायला आलो तर? आणि शाळेचं... घरीच शिकवलं तर?’’

काही वर्षांपूर्वी हा विचार आला तसा टोलनाक्यापर्यंत विरूनही जायचा. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ऑफिस घरात आलं आणि मुलाच्या वर्गात नक्की काय चालतं ते आई-बाबांना पहिल्यांदाच लाइव्ह बघायला मिळालं. काहींना ते बघून शिक्षकांबद्दल आदर वाटला. काहींना वाटलं, एवढंच असेल तर हे आपणही करू शकतो! त्यात लॅपटॉप आणि वाय-फाय असेल तर तळेगाव, कामशेत, लोणावळा कुठूनही काम होतं, हेही कळलं. तेव्हापासून मावळात घर आणि घरात शाळा हे कॉम्बिनेशन डिनर टेबलवरच्या गप्पांमध्ये सारखं डोकावतं.

आयडिया छान आहे. पण ती वीकेंडला सुचलेली असते आणि अमलात मात्र सोमवार ते शुक्रवार आणायची असते. घोळ तिथेच होतो.

म्हणजे नक्की काय?

होमस्कूलिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते डायनिंग टेबलवर पाठ्यपुस्तक घेऊन बसलेलं मूल आणि समोर छडीऐवजी कॉफीचा मग घेतलेली आई. हा झाला एक प्रकार. शाळेचाच सिलॅबस, फक्त घरी. दुसऱ्या प्रकारात पालक स्वतःचा अभ्यासक्रम बनवतात. थोडं बालभारती, थोडं ऑनलाइन, थोडं मातीत खेळणं. तिसरा प्रकार ‘अनस्कूलिंग’. यात वेळापत्रकच नाही. मुलाला ज्याची ओढ वाटेल त्याच्या मागे जायचं. हा शब्द रूढ केला अमेरिकेतल्या जॉन होल्ट या शिक्षकाने. १९६४ साली त्याने मुलं शाळेत नापास का होतात यावर पुस्तक लिहिलं. सुरुवातीला त्याला शाळा सुधारायची होती. पुढे त्याचा तो विश्वासच उडाला आणि १९७७ मध्ये त्याने थेट शाळेशिवाय वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक सुरू केलं.

आज अमेरिकेत होमस्कूलिंग सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे. जर्मनीत मात्र मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांवर कारवाई होते. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत. नक्की कुठे, ते पुढे बघूच.

तळेगावची जुनी बंडखोरी

‘हे सगळं अमेरिकेतलं फॅड’ असं म्हणणाऱ्या काका-मामांसाठी मावळातलीच एक गोष्ट सांगते. सरकारी शिक्षण नको म्हणून वेगळी वाट धरणारे लोक इथे शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलेत. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांनी १९०६ च्या सुमारास ‘समर्थ विद्यालय’ सुरू केलं आणि ते तळेगाव दाभाड्यात नावारूपाला आलं. राष्ट्रीय शिक्षण ही त्यामागची कल्पना. शिकवायचं मातृभाषेतून आणि पुस्तकाबरोबर हातालाही काम द्यायचं. इंग्रज सरकारच्या ठप्प्याशिवाय चालणाऱ्या या शाळेत मूल घालणं म्हणजे त्या काळात त्याच्या सरकारी नोकरीवर पाणी सोडणंच होतं. तरीही पालकांनी मुलं पाठवली. १९०८ मध्ये विजापूरकरांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि १९१० मध्ये सरकारने शाळाच बंद पाडली.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच. वेगळ्या वाटेने गेलात की कागदावरची मान्यता हा प्रश्न आज ना उद्या समोर येतोच. तेव्हाही आला, आजही येणार.

आणि नाण्याची दुसरी बाजूही आपल्या पुण्याचीच आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती मुलींना घराबाहेर काढण्यासाठी. रमाबाई रानडे लग्न होऊन पुण्यात आल्यावर न्यायमूर्ती रानड्यांकडून घरीच शिकल्या. पण ती काही हौस नव्हती, मुलींना शिकायला दुसरी जागाच फारशी नव्हती, आणि त्या शिकण्यालाही घरातल्या बायकांचा विरोध होता. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना महिना एक रुपया दंड! आपल्याकडे ‘सक्तीचं शिक्षण’ आलं ते हौसेने घरी शिकवणाऱ्यांना पकडायला नाही. ज्यांच्या मुलांना कुणी वर्गात येऊच देत नव्हतं, त्यांच्यासाठी आलं. आजचा कायदा वाचताना हे लक्षात ठेवलं की त्याचा सूर कळतो.

कायदा काय म्हणतो?

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यातलं कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. बरं, ते केलं नाही तर? पालकांना दंड किंवा तुरुंग अशी कुठलीही शिक्षा कायद्यात नाही. ‘होमस्कूलिंग’ हा शब्दही त्यात कुठे नाही. म्हणजे बंदी नाही आणि परवानगीही नाही!

यावर दिल्ली हायकोर्टात प्रकरण गेलं होतं. २०१२ मध्ये केंद्र सरकारने तिथे आधी म्हटलं, घरी शिकवणाऱ्या पालकांना या कायद्याची आडकाठी नाही. नंतर तेच म्हणणं मागे घेतलं. तेव्हापासून होमस्कूलिंग करणारी कुटुंबं या ग्रे एरियातच राहतात.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. मुलांच्या बोटाला चक्क मतदानासारखी शाई लावली गेली. अशा मोजणीत वीटभट्टीवरचं मूल आणि तुमच्या बंगल्यात रोबोटिक्स शिकणारं मूल एकाच रकान्यात बसतं. तेव्हा दारात आलेल्या गुरुजींशी हुज्जत घालू नका. ते त्यांचं काम करतायत, आणि ते काम महत्त्वाचं आहे. मावळातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या मुलांचं शाळेबाहेर असणं हा कुणाचा लाइफस्टाइल चॉइस नसतो.

एक दिलासा मात्र पक्का आहे. शाळेत परत जायचा रस्ता कायद्यानेच खुला ठेवलाय. कलम ४ नुसार शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलं असेल तर खास शिकवणीही. चौथीच्या वयाचं मूल पुन्हा पहिलीत बसवायची गरज नाही. अर्थात हवी तीच नामांकित शाळा मिळेल याची गॅरंटी नाही, हे ओघाने आलंच.

पण दहावीचं काय?

आजी-आजोबांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो अजिबात चुकीचा नाही. सुदैवाने याची उत्तरं आहेत.

सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, अर्थात ‘एनआयओएस’. १९८९ पासून चालू असलेलं हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे. पुण्यात त्याचं विभागीय केंद्र आहे. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत आणि किमान पाच विषय. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत सवडीने पूर्ण करता येतात. मराठी माध्यमही आहे. त्याआधीच्या टप्प्यांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे अ, ब, क स्तर आहेत.

दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची. सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. पण तिथे आधीच्या शाळेचे कागद लागतात. म्हणजे मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर गाडी इथे अडू शकते. म्हणून शाळा सोडताना दाखला नीट घ्या, फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे ठेवली ते दोघांनाही माहीत असू द्या! राज्याने २०१७ मध्ये स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही स्थापन केलंय. तिसरी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईची. तिथे खासगी उमेदवार चालतात, पण खिसा चांगलाच हलका होतो.

आणि पुढे? मुंबईच्या मालविका जोशीचं नाव या संदर्भात हमखास घेतलं जातं. सातवीच्या सुमारास शाळा सोडली, आईने घरीच शिकवलं. प्रोग्रॅमिंगची गोडी लागली आणि इन्फॉर्मेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली. २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या ‘एमआयटी’ने स्कॉलरशिप देऊन घेतलं. झकास! पण या गोष्टीचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत. बारावीचं सर्टिफिकेट नसल्यामुळे आयआयटीचं दार तिच्यासाठी बंद होतं. चेन्नईच्या गणित संस्थेने तिला सामावून घेतलं, तो अपवाद. जगातली एक टॉपची युनिव्हर्सिटी हो म्हणते आणि घरचीच संस्था फॉर्मसुद्धा घेत नाही, असं होऊ शकतं. तुमचं मूल ऑलिम्पियाडवालं निघेल असं धरून प्लॅन करू नका. साधं, आनंदी, गणितात बरं असलेलं मूल निघेल असं धरा, आणि त्याच्यासाठी दहावी-बारावीची सोय आधीच बघून ठेवा. मेडिकलचं स्वप्न असेल तर आणखी जागरूक राहा. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना ‘नीट’साठी मध्यंतरी कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

मावळ नावाचा वर्ग

आता जरा गोड बाजू. घरी शिकवायचंच असेल तर याच्यासारखा वर्ग शोधूनही सापडणार नाही.

भूगोल? लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि लोकलने जेमतेम ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात सातशेच्या आसपास. बाल्कनीत एक सरळ कडांचा डबा आणि पट्टी ठेवा. पुण्यात मावशीलाही तसाच डबा ठेवायला सांगा. जुलै संपेपर्यंत सह्याद्री म्हणजे काय ते पुस्तक न उघडता कळेल. विज्ञान? लोणावळा, वळवण आणि शिरोट्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज तयार केली. उंचावरचं पाणी आणि खाली पेटणारा दिवा यांचं नातं वळवणच्या काठावर उभं राहून समजावलं तर जन्मभर विसरत नाही.

इतिहासासाठी कार्ल्याचं चैत्यगृह. देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, छताला अजूनही जुन्या लाकडी कमानी आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत. समोर लोहगड, जो २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांच्या यादीतून जागतिक वारशात गेला. ताटातला इंद्रायणी भात तर वडगाव मावळच्याच संशोधन केंद्राची देणगी. आणि नागरिकशास्त्र? पवना धरणाचं पाणी बंद पाइपलाइनमधून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध २०११ साली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्टला बऊरजवळ गोळीबार झाला आणि तिघे जण गेले. शहराच्या नळाला येणारं पाणी कुणाचं, हा प्रश्न मोठ्या मुलांशी बोलायला हवा. विशेषतः ज्यांचे आई-बाबा शहरातून इथे राहायला आलेत त्यांच्याशी.

पुस्तकांचंही टेन्शन नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे. टाकाऊतून खेळणी आणि खेळण्यातून विज्ञान हा अरविंद गुप्तांचा खजिनाही मोफत आहे.

मंगळवारी दुपारी कोण आहे?

पण थांबा. वरचा सगळा कार्यक्रम फार तर महिन्याचे चार दिवस पुरेल. उरलेल्या दिवसांचं काय?

लोणावळ्याच्या बंगल्यांच्या सोसायट्या शनिवारी गजबजतात. सोमवारी सकाळी बहुतेक गेटना कुलपं. उरतात ते माळी, वॉचमन आणि कुत्री. गावातली मुलं तर शाळेत! म्हणजे मंगळवारी दुपारी बारा वाजता तुमच्या मुलाला खेळायला कुणीच नाही. ‘सोशलायझेशन’ हा होमस्कूलिंगवरचा सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला आक्षेप. त्याला ठरलेलं उत्तरही तयार असतं की शाळेत तरी कुठे बोलू देतात? उत्तर मजेशीर आहे, पण मंगळवारच्या दुपारचं काही होत नाही.

पुण्यात होमस्कूलिंग करणारी कुटुंबं एकमेकांना भेटत असतात. ‘स्वशिक्षण’ नावाची देशभरातल्या अशा पालकांची संघटनाही आहे. निर्णय घेण्याआधी निदान चार-पाच कुटुंबांना भेटा. आणि हो, मुलं बारा-तेरा वर्षांची असलेल्यांना भेटा. सहा वर्षांच्या मुलाचं होमस्कूलिंग सगळ्यांनाच गोड वाटतं. खरी परीक्षा पुढे असते, जेव्हा मुलाला आई-बाबांपेक्षा मित्र जास्त हवे असतात. मावळात राहून हे करायचं तर लोकलचं वेळापत्रक पाठ करायची तयारी ठेवा.

नोकरी कोण सोडणार?

या विषयावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि सगळं अडतं इथेच. वर्क फ्रॉम होम आणि होमस्कूलिंग या दोन वेगळ्या ड्युट्या आहेत. क्लायंट कॉल चालू असताना हातचे घ्यायची वजाबाकी शिकवता येत नाही, हे लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणजे दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागणार किंवा अर्धी करावी लागणार. मग चर्चा सुरू होते. ‘तुझा पगार कमी आहे...’, ‘तुला मुलांची आवड आहे...’, ‘दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे...’ बहुतेक घरांत ही चर्चा कुठे जाऊन थांबते ते वेगळं सांगायला नको. निर्णय ‘आपला’ असतो आणि राजीनामा ‘तिचा’!

तिला मनापासून हे करायचं असेल तर प्रश्नच नाही. पण मग ते काम आहे असं समजून वागा. तिच्या नावावर दर महिन्याला पैसे जमा व्हायला हवेत, पीएफ बंद झाला तर तिची वेगळी गुंतवणूक हवी. आठवड्यातून दोन दिवस बाबाने शिकवायचं, तेही स्वयंपाकासकट. आणि सहा वर्षांनी तिला परत कामावर जायचं असेल तर त्याची तयारी आजपासून. एकाच पगारावर घराचा हप्ता, विमा आणि आजारपण निघतं का, हे गणित मुलाच्या गणिताआधी सोडवा. सहा महिने दुसरा पगार बाजूला टाकून जगून बघा. जमलं तर पुढे बोला.

मधल्या वाटाही आहेत

शाळेचा राग म्हणजे अनेकदा एका विशिष्ट शाळेचा राग असतो. दोन तासांचा बसप्रवास, ढीगभर होमवर्क किंवा एखादी ओरडणारी बाई. तसं असेल तर इलाज शाळा बदलणं हा आहे. मावळात राहायला येणारच असाल तर जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकदा जाऊन बसा. काही शाळांमधले शिक्षक अफाट काम करतात. पायी जाता येईल अशी शाळा, मराठीत शिकणं, गावातले मित्र आणि दुपारनंतरचा मोकळा वेळ. तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टींपैकी अर्ध्या तर इथेच मिळून जातात! शिवाय चांगले शिकलेले पालक शाळा व्यवस्थापन समितीत आले तर फायदा फक्त तुमच्या मुलाचा होत नाही.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पुण्यात १९८७ पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक पालकांना हेच प्रश्न विचारत आलंय. शाळेत राहून शाळा बदलता येते, असं मानणाऱ्यांची ही फळी शाळा सोडणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

मूल शाळेत खरंच कोमेजत असेल, छळ होत असेल, त्याची शिकण्याची गरज वेगळी असेल आणि शाळा ढिम्म हलत नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे घर हा चॉइस राहत नाही, ती गरज असते. अशा वेळी लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका.

निर्णयाआधी एवढं कराच!

* मे महिन्यात ट्रायल घ्या. सुट्टीतला पूर्ण महिना मावळात राहा, वीकेंडच्या पाहुण्यांशिवाय. मग जुलैमधला एक आठवडाही काढा. घरात धुकं, कपडे वाळत नाहीत आणि वीज गेलेली. तेव्हाही हे आवडतंय का?
* कारण एका वाक्यात लिहा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर. वाक्यं जुळली नाहीत तर आधी एकमेकांशी बोला, मुलाचं नंतर.
* शाळेतून काढल्यावर लगेच अभ्यासाला जुंपू नका. शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षामागे महिनाभर तरी मोकळं सोडा, असं जुने होमस्कूलर सांगतात.
* रोज तारीख टाकून वही ठेवा. काय वाचलं, काय केलं, काय जमलं नाही. पुढे शाळेत परत जायचं झालं तर हीच वही कामाला येते.
* दोन मुलं असतील तर दोघांसाठी एकच निर्णय घ्यायलाच हवा असं नाही. एकाला घर मानवेल, दुसऱ्याला वर्गातला गोंधळ हवाहवासा वाटेल.
* मुलाला विचारा. सहा वर्षांच्या मुलाला काय वाटतं ते त्याच्या वागण्यावरून कळतं. दहा-अकरा वर्षांचं मूल शब्दांत सांगतं. त्याचं ‘नाही’ हे नाहीच धरा.

शेवटचा मुद्दा. हा निर्णय जन्माचा नाही. लग्नासारखा तर मुळीच नाही. दरवर्षी मे महिन्यात दोघांनी आणि मुलाने एकत्र बसायचं आणि विचारायचं, पुढच्या वर्षी काय? घरी राहायचं ठरलं तर ठीक. जूनमध्ये दप्तर घेऊन शाळेच्या गेटपाशी उभं राहायचं ठरलं तर तेही ठीक. त्यात कुणी हरलं असं होत नाही. फक्त दाखल्याची ती फाइल तेवढी सांभाळून ठेवा!